आराखड्यात भाजीबाजार कुठं आहे?

शहराचा नवा विकास आराखडा नगरपालिकेच्या हॉलमध्ये लावलाय, असं कानावर आलं तेव्हा मी सांबाराच्या जुड्या बांधत होते. सांबार म्हणजे तुमच्याकडची कोथिंबीर. शेजारी बसणाऱ्या मावशीला म्हटलं, "माह्या पोत्याकडं पाहजो, मी आलो पाहून." ती म्हणाली, "नकाशात काय पाह्यचं व? आपलं गाव आपल्याले मालूम नाई काय?" पण तोवर मी रस्ता ओलांडला होता. कुठं काही नवं होतंय म्हटलं की मला धीर निघत नाही. माझी आई म्हणायची, ही पोरगी वऱ्हाडाच्या आधी मांडवात जाऊन बसेल.

शहराचं नाव सांगत नाही. वाशीम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की लोक गोष्ट सोडून सोयरिकी शोधत बसतात. माझं माहेर जऊळक्याकडचं, तिकडं सोयाबीन आणि तूर. सासर मात्र या शहराच्या अगदी कडेला, भाजीवाल्यांच्या वस्तीत. मेथी, पालक, वांगी, टमाटे, सांबार. सकाळी तोडायचं, पोत्यात भरायचं, आणि गावात रस्त्याच्या कडेला बसून विकायचं. बारावी शिकून आले होते, लिहायची हौसही तेव्हापासूनची, पण तराजू हातात आला तो आलाच. मला त्याचं दुःख नाही. भाजी विकणं मला आवडतं. गिऱ्हाइकाशी भांडायला तर फारच आवडतं.

दुःख आहे ते बसायच्या जागेचं. जुन्या गावातला बाजार कधीचाच भरलेला, तिथं आम्हाला पोतं टाकायलाही जागा नाही. बस स्टँडच्या भिंतीला बसलो, तिथून उठवलं. शाळेच्या फाटकापाशी बसलो तर मास्तरांनी तक्रार केली, आणि मास्तरांचंही खोटं नव्हतं, पोरं मेथीच्या ढिगावरून उड्या मारत वर्गात जायची. मग कोर्टाकडच्या रस्त्याला बसलो, तर अतिक्रमणाचा ट्रॅक्टर यायला लागला. तो दिसला की पहिली बाई ओरडते, "आला व," आणि आम्ही सगळ्या पोत्याचे कोपरे धरून गल्लीत पळतो. निम्मी भाजी पायाखाली जाते. एकदा माझा तराजू ट्रॅक्टरात गेला आणि मी त्याच्या मागं पार चौकापर्यंत शिव्या देत धावले. मला त्या ड्रायव्हरचा राग नाही. रस्ता एवढासा, गाड्या एवढ्या, तो तरी काय करेल? राग येतो तो याचा की ज्या शहरात रोज घरोघरी भाजी शिजते, तिथं ती भाजी कुठं विकायची हे कोणी कधी ठरवलंच नाही.

तर हॉलमध्ये गेले. भिंतभर नकाशा. खरं सांगते, माझ्या अंगावर काटा आला. आपलं शहर मी जन्मात असं वरून पाहिलं नव्हतं. मधे जुनं गाव, गच्च, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं, आणि त्याच्या चहूकडं रंग. पिवळा म्हणजे घरं, हिरवा म्हणजे शेती, निळा, लाल, जांभळा. आज जिथं बाभळी आणि उकिरडे आहेत तिथून रुंद रस्ते काढलेले. शाळा, मैदान, दवाखाना, अग्निशमनची गाडी उभी करायची जागा. सगळं अजून व्हायचं होतं आणि कागदावर मात्र होऊन बसलं होतं. मी इकडून तिकडं नुसती फिरत होते. नगररचना खात्याच्या एक मॅडम तिथं खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांना मी इतकं विचारलं की शेवटी त्यांनी मला चहा पाजला.

एक म्हातारे गृहस्थ माझ्या शेजारी उभे होते. ते करवादून म्हणाले, "आज नळाले पानी नाई, आन हे वीस वरसानंतरचं दाखवून राह्यले. कायले पाह्यजे हे?" मॅडम उत्तर द्यायच्या आत मीच सुरू झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी सवय. म्हटलं, "काका, भाजीच्या वावरात आदी काय काढतेत? दंड का वाफे?"

दंड म्हणजे पाण्याची मोठी वाट. विहिरीपासून वावराच्या टोकापर्यंत उतार बघून आधी ती काढतात, गाडी यायला-जायला धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी, जागा सोडतात, आणि मग राहिलेल्या जमिनीत वाफे पाडतात. उलटं केलं, आधी हौसेनं वाफे पाडले आणि दंड मागून काढू म्हटलं, तर पाणी कुठल्या तरी वाफ्याचा जीव घेऊनच पुढं जातं. आमच्या वस्तीतल्या नव्या सुनेलाही हे सांगावं लागत नाही. आणि आमच्या शहरानं आजवर काय केलं? नुसते वाफे पाडले. ज्याला जसं सुचलं तसं त्यानं लेआउट पाडलं. पलीकडच्या कॉलनीत एक रस्ता सरळ जातो आणि भिंतीवर आदळतो, कारण भिंतीपलीकडच्या मालकानं त्याचा रस्ता दुसरीकडं काढला. घंटागाडी तिथं शिरते आणि उलटी बाहेर येते. एका बाळंतिणीला तिथून खाटेवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावं लागलं, ॲम्ब्युलन्सला वळायला जागा नव्हती. नाल्यावर घरं झाली, आता नाला घरात येतो. वीस वर्षं म्हणजे काही फार लांब नाही. माझी मोठी मुलगी कालपरवा पाळण्यात होती, आता तिला चष्मा लागलाय. तोवर जी माणसं इथं राहायला येणार आहेत, त्यांची वाट आजच सोडून ठेवली नाही तर उद्या कोणाचं तरी घर पाडूनच ती काढावी लागेल.

काका म्हणाले, "बोलते तर बरी." मला तेवढ्यानं चढलं.

मग मी भाजीबाजार शोधायला लागले. आमच्या बाजूचं सगळं शहर बोटानं पालथं घातलं. शाळा सापडली, बाग सापडली, वाचनालयसुद्धा सापडलं. स्मशानभूमी होती. म्हणजे मेल्यावरची सोय होती, मेथीची नव्हती. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "जुन्या गावातला बाजार आहे तसाच ठेवलाय. तुमच्या बाजूला पाहिजे असेल तर सूचना द्या. हा मसुदा आहे. त्यासाठीच तर लावलाय." मला वाटलं होतं सरकारी नकाशा म्हणजे दगडावरची रेघ. ती पुसता येते, आणि पुसायला मला बोलावलंय, हे कळल्यावर मी घरी कशी आले ते मलाच आठवत नाही. पोतं मावशीपाशी तसंच राहिलं. तिनं माझी भाजी विकून वर मला ऐकवलं ते वेगळंच.

संध्याकाळी नवरा जाऊन मोबाइलवर नकाशाचा फोटो काढून घेऊन आला. आमच्या अंगणात सगळी वस्ती जमली. आता आपलं वावर शोधायचं. फोटोत गट नंबर म्हणजे मुंग्या दिसत होत्या, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं गट नंबरानं वावर ओळखतं कोण? आमची वस्ती एका जुन्या विहिरीभोवतीची. तुझं वावर कुठलं, तर विहिरीच्या उगवतीला तिसरं. तुझं कुठलं, तर विहिरीच्या मावळतीला, मोटेच्या बाजूचं. मोट जाऊन कैक वर्षं झाली, तरी बाजू आहेच. तेव्हा सगळ्यांनी आधी विहीर शोधली, आणि ती सापडलीही. फोटोत आमच्या बाजूला एक निळा गोल होता. "हे पाह्य, हे आपली विहीर," नवरा म्हणाला, आणि तिथून बोटानं वावरं मोजली. आमचं आलं पिवळ्यात, अख्खं, एकाही रस्त्याचा धक्का नाही. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. आम्ही मागं पत्र्याच्या घरात राहतो. पुढच्या तुकड्यावर रस्त्याकडं तोंड करून सिमेंटचं घर बांधायचं, हे त्याचं लग्नाच्याही आधीपासूनचं मनात आहे. एका शेजाऱ्याचं वावर मोठ्या रस्त्याला लागून आलं, त्यानं त्याच संध्याकाळी पेढे वाटले.

दोन मोठे रस्ते जिथं एकमेकांना मिळत होते तो नवा चौक आमच्यापासून दोन वावरं सोडून आला होता. तिथं एका शेटचं पडीत रान आहे. शेट अकोल्याला राहतो, कधी येत नाही. मी फोटोत त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "भाजीबाजार इथं पाह्यजे." किती बरोबर होतं ते. आसपासच्या कॉलन्यांतल्या बायका पायी येतील. भाजी मागच्या वावरांतून डोक्यावर आणता येईल. टेम्पोला वळायला जागा, कोणाच्या दुकानासमोर अडथळा नाही, ट्रॅक्टरची भीती नाही. नवरा म्हणाला, "दे लिहून. शेटले काय फरक पडते? त्याच्यापाशी अशी पन्नास वावरं असतीन." मी त्याच बैठकीत सूचना लिहिली आणि वस्तीतल्या सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या. मावशीनं अंगठा उठवला आणि विचारलं, "वर पत्रं राहतीन ना?" मी म्हटलं, "पत्रं, ओटे, नळ, आन संडास बी." दिवसभर रस्त्यावर बसणाऱ्या बाईला शेवटचा शब्द काय वाटतो, ते ज्यांना कळतं त्यांना कळतं.

सुनावणीच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. टेबलामागं मॅडम आणि समितीची माणसं. एकेक जण उठत होता. पहिला म्हणाला, रस्ता पाहिजेच, फक्त जरा उत्तरेला सरकवा. उत्तरेचा उठला, म्हणाला, रस्ता पाहिजेच, फक्त दक्षिणेला सरकवा. एकाला पोरांसाठी मैदान पाहिजे होतं, पण त्याच्या गटात नको. स्मशानभूमी तर कोणालाच नको होती, जसं काही आमच्याकडं कोणी मरतच नाही. मला हसूही येत होतं आणि तळपायाची आग मस्तकातही जात होती. मी नवऱ्याला कोपर मारलं. "पाहून राह्यले का तुमी? साऱ्याइले सारं पाह्यजे, पन दुसऱ्याच्या वावरात." तो म्हणाला, "हळू बोल, ऐकून राह्यले लोक." मी मुळीच हळू बोलले नाही.

माझी पाळी आली. मी जी सुरू झाले ती थांबलेच नाही. ट्रॅक्टर सांगितला, शाळेचं फाटक सांगितलं, गल्लीत पळणाऱ्या बायका सांगितल्या. बसायला ओटे पाहिजेत, बायकांना दिवसभर पोट दाबून बसावं लागतं, हेही सगळ्या पुरुषांसमोर सांगितलं. मॅडम लिहून घेत होत्या. समितीतले एक साहेब म्हणाले, "जागा अगदी योग्य सुचवली आहे. चौक आहे, दोन्ही रस्ते मिळतात." मला वाटलं, जिंकलं. छाती अशी भरून आली की काय सांगू. मग मॅडम उठून नकाशापाशी गेल्या, कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हाच ना?"

"हाव, हाच."

त्यांनी गट नंबर वाचला. टेबलावरच्या माणसानं मालकाचं नाव काढलं. ते आमचं आडनाव होतं.

मी म्हटलं, "नाई मॅडम, चुकून राह्यलं काही तरी. ते शेटचं पडीत हाय. आमचं इकडं, विहिरीपासून हे इथं."

"कुठली विहीर?"

मी निळ्या गोलावर बोट ठेवलं.

"ही विहीर नाही, ताई. पाण्याची टाकी आहे. होणार आहे अजून. विहिरी आम्ही या नकाशात दाखवतच नाही." आणि त्यांनी टाकीपासून दोन वावरं पुढं बोट सरकवलं. "तुमची विहीर इथं कुठं तरी असेल."

म्हणजे आमची सगळी वस्तीच दोन दोन वावरं सरकली होती. हे हॉलमधल्या आमच्या लोकांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि आलं तशी खुर्च्यांची आदळआपट झाली. पेढेवाला नकाशाकडं असा धावला की त्याची चप्पल मागं राहिली. मी जिथं बाजार मागत होते तो आमचाच पुढचा तुकडा होता. घराचा तुकडा.

मग हसणं सुरू झालं. मागून कोणी तरी म्हणालं, "घे व बाई आता बाजार." दुसरा म्हणाला, "लय भाषण देऊन राह्यली होती." मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला अगदी सरळ विचारलं, "सूचना ठेवायची की मागे घेता? मागे घेतली तरी चालेल, तुमचा हक्क आहे. त्या जागेवर बाजाराचं आरक्षण पडलं की तिथं घर बांधता येणार नाही. मोबदला कायद्यानं मिळतो. कधी, ते मी आज सांगू शकत नाही."

मला खाली बसायचं होतं. खोटं कशाला बोलू, मला तो तुकडा सोडवत नव्हता. नवऱ्याकडं पाहिलं, तो फरशीकडं बघत होता. त्याला हाक मारून विचारावं असंही वाटलं, आणि त्यानं नको म्हटलं तर मी सुटेन, असंही वाटलं. मग मला माझाच भयंकर राग आला. घटकाभरापूर्वी तो कोपरा बाजाराला योग्य होता. मी स्वतः हात हलवून हलवून सांगितलं होतं. आता त्यात काय बदललं? रस्ते तिथंच मिळत होते. बायका तिथंच पायी येऊ शकत होत्या. बदललं होतं फक्त आडनाव. आणि मागं बसलेल्या त्या सगळ्यांना मी आत्ताच काय काय म्हणाले होते. मावशी माझ्या बाजूच्या खुर्चीत बसली होती. ती मला ठेव म्हणाली नाही, काढ म्हणाली नाही. तिला डोक्यावर पत्रे पाहिजे होते, आणि माझ्याकडं मागायची तिला लाज वाटत होती.

"ठेवा," मी म्हटलं. "चौक काई सरकला नाई."

या वेळी कोणी हसलं नाही. मॅडमनी लिहून घेतलं. मी खाली बसले, आणि काय सांगू, आतून असं उधाण आलं होतं की त्या हॉलचं छत उडून जाईल असं वाटत होतं. इतकी घाबरलेली आणि इतकी आनंदी मी एकाच वेळी कधी झाले नव्हते.

आराखडा अजून वरून मंजूर होऊन यायचा आहे. काय राहील, काय जाईल, कोणालाच माहीत नाही. मी आजही कोर्टाच्या रस्त्याला बसते आणि ट्रॅक्टर आला की पळते. लोक मात्र मला आता बाजारवाली म्हणतात. मला राग येत नाही.

त्या दिवशी घरी परतताना मोटारसायकलवर नवरा एक अक्षर बोलला नाही. मी मागं बसून वाट बघत होते, आता बोलेल, मग बोलेल. हा माणूस रागावला की गप्प बसतो, आणि मला तेच सोसत नाही, भांडला असता तर मी भांडले असते. आमच्या वावरापाशी त्यानं गाडी थांबवली. उतरला, पुढच्या तुकड्यात गेला. मेथी घोट्याला लागत होती. मी मागोमाग गेले.

"शेटचं वावर देतानी तुले काई वाटलं नाई," तो म्हणाला.

"नाई वाटलं."

"आन आपलं देतानी?"

"लय वाटलं."

मी म्हटलं, "तुमचं घर गेलं." मला रडू आलं, आणि मी ते आवरलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. धुऱ्याच्या कडेकडेनं रस्त्यापर्यंत चालत गेला, वळला, डोळ्यावर हात आडवा धरून उगवतीकडं पाहिलं आणि परत आला.

"ओट्याचं तोंड रस्त्याकडं नको ठेवू देजो," तो म्हणाला. "सकायचं ऊन सरळ डोळ्यात येते. बायका बसतीन कशा?"